धूरफवारणी यंत्रास खुले पत्र

माननीय धूरयंत्र महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आम्ही मुंबईकर आपल्या वाटेकडे डोळे लावून बसतो. आपली घरघर ऐकताच पोरे मागे धावतात, आज्या नाकाला पदर लावतात आणि भावी नगरसेवक धुरात उभे राहून फोटो काढून घेतात. धुरात चेहरा दिसत नाही, ती उणीव फ्लेक्सवर भरून निघते.

आपल्याला निंदकही आहेत. म्हणे, धुराने उडते डास तेवढे मरतात, अळीचा केसही वाकडा होत नाही. मुंबईत हिवताप पसरवणारी डासाची मादी, ॲनोफिलिस स्टीफन्साय, गटारात नव्हे, गच्चीवरच्या टाकीतल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. डॉ. बेंटली यांनी १९११च्या अहवालात मुंबईतल्या हिवतापाचे खापर विहिरींवर फोडले होते. विहिरी बुजल्या, टाक्या आल्या. बाईंची सोय झाली. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा साठवलेले पाणी ओतून कोरडा दिवस पाळा आणि टाकीला घट्ट झाकण लावा, असे हे निंदक सांगतात. पण झाकणाशेजारी उभे राहून फोटो कोण काढणार?

दुसरे निंदक सुईवाले. ताप आला की गोळीआधी रक्त तपासा, हा त्यांचा हट्ट. काचपट्टीवरच्या जाड थेंबात हिवतापाचा जंतू आहे की नाही ते कळते, पातळ थरात तो व्हायवॅक्स जातीचा की फाल्सिपेरम ते कळते. किट असेल तर पंधरा-वीस मिनिटांत निकाल. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हा जंतू शोधला. आम्हाला स्वतःच्या रक्तात तो शोधायला सवड नाही. केमिस्टने दिलेल्या गोळीने ताप उतरला की आम्ही बरे! व्हायवॅक्स मात्र यकृतात दडी मारून काही महिन्यांनी पुन्हा उठतो. त्याला मुळासकट काढायला डॉक्टर प्रायमाक्विन देतात, १४ दिवस. आम्ही तिसऱ्या दिवशीच पाकीट कपाटात टाकतो. फाल्सिपेरमची गोष्ट निराळी. तो मेंदूपर्यंत पोहोचला तर दुसरी संधी देईलच असे नाही.

साथ भडकली तर आपण जरूर यावे. पण हे पत्र वाचणाऱ्या माणसांनी आज गच्चीवर जाऊन टाकीचे झाकण पाहावे, आणि ताप आला तर आधी रक्त तपासून घ्यावे. या दोन्ही कामांत धूर निघत नाही, एवढाच त्यांचा दोष.

आपला,
एक खोकणारा मतदार