पत्र्याचा अंगरखा शिवणाऱ्या कलावंतास

श्री. कंत्राटदारसाहेब यांसी,


पत्र मराठीत आहे, म्हणजे आपल्याला कळणार नाही. पण खांबांच्या लाकडासोबत आलेलं सूचनापत्रक तर आपल्याच इंग्रजीत होतं, आणि तेही आपण वाचलं नाहीत. तेव्हा आपल्या दोघांत भाषेची अडचण अशी नाहीच. ‘ॲल्युमिनियम या लाकडाला थेट टेकवू नये,’ असं त्यात होतं. आपण पत्रक चुरगाळलंत आणि ॲल्युमिनियम टेकवलंत.

न्यू जर्सीतल्या आमच्या पोर्चचे खांब आपण पांढऱ्या पत्र्यात इतके सुबक गुंडाळलेत, की शेजारी आपला फोन नंबर मागायला आले. काय त्या काटकोनी घड्या! खालच्या कडेला फट बुजवायचा कॉक असा भरलात, की बाहेरची मुंगी आत जाऊ नये आणि आतली ओल बाहेर येऊ नये. दोन्ही साधलं. आता रंगाला फोड आलेत, फोड फुटला की पांढरी भुकटी गळते, आणि पायथ्याशी बोट दाबलं की आरपार जातं. ‘इथली हवाच खराब,’ हे आपलं निदान. साहेब, हवा बाहेर असते. पत्रा आतून खाल्लाय.

खाणारं कोण, तेही सांगतो. आमचे खांब प्रेशर ट्रीटेड लाकडाचे. अशा लाकडात बहुधा बुरशी-वाळवीला मारायला तांब्याची संयुगं भरलेली असतात. ओल असली की तांब्याचे आयन सुटतात, ॲल्युमिनियमवर जाऊन तांब्याचे बारीक कण होऊन बसतात, आणि तिथे इवलीशी बॅटरी सुरू होते. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम, तांबं मजेत राहतं. पत्र्याची जाडी ०.०१९ इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही. तो किती दिवस टिकणार? पाठीवर रंगाचा पातळ थर असतो खरा, पण वाकवताना, सरकवताना तो ओरखडतो, आणि खिळा तर त्याला भोकच पाडतो. खिळेही आपण ॲल्युमिनियमचेच, थेट त्याच लाकडात ठोकलेत. सातत्य म्हणावं ते याला.

‘आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो,’ असंही आपण म्हणालात. ती वर्षं कोणती? पूर्वीच्या लाकडात तांब्याबरोबर क्रोमियम आणि आर्सेनिक असायचं. त्यातलं क्रोमियम तांब्याला बऱ्यापैकी जखडून ठेवायचं, म्हणून आपली कला खपून गेली. बहुतेक घरगुती वापरासाठी तसं लाकूड बनवणं अमेरिकेत २००३ अखेर बंद झालं. नंतरच्या बऱ्याच लाकडात तांबं जास्त आणि जखडणारं क्रोमियम नाही. ही बातमी आपल्या ट्रकपर्यंत अजून पोचायची आहे.

त्याआधीच्या बातम्यांबद्दल तर बोलूच नये. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. दोन वर्षांनी पाहतात तो लोखंडी खिळे झिजून गेलेले आणि पत्रा जागोजागी सुटलेला. शाबूत होते ते फक्त असे खिळे, ज्यांच्या आणि तांब्याच्या मधे पत्र्याच्या वेष्टनाचा खाकी कागद काढायचा राहून गेला होता. म्हणजे कामगाराच्या आळसाने खिळे वाचवले. आपण आळशी असतात तर किती बरं झालं असतं!

आणि आमच्याच बंदरातली स्वातंत्र्यदेवता? वरून तांबं, आत लोखंडाच्या पट्ट्या, मधे लाखेत भिजवलेलं ॲस्बेस्टॉस. ते जीर्ण झालं, पाणी धरून बसलं, लोखंड गंजलं. १९८६ साली पुरी झालेल्या दुरुस्तीत पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या झाल्या आणि मधे टेफ्लॉन आलं. भारतात आमच्याकडे पितळेच्या पातेल्यात आमटी करायची तर आधी कल्हई करून घेत. कल्हईवाल्याने रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं, पण मधे थर हवा एवढं त्याला कळत होतं.

आपल्याला करायचं होतं ते फार नव्हतं. ओलं लाकूड आधी वाळू द्यायचं, किंवा ट्रीटमेंटनंतर भट्टीत वाळवलेलंच आणायचं. मधे ब्यूटाइलची चिकट पट्टी नाहीतर डांबरी फेल्ट घालायचं. खिळे स्टेनलेसचे मारायचे. खाली फट ठेवायची, म्हणजे आत गेलेलं पाणी निघून जातं. हिवाळ्यात पायऱ्यांवर टाकलेलं मीठही खांबाच्या पायथ्याशीच साचतं, तिथे तर हे हवंच. यातलं काहीच जमणार नसेल तर पत्र्याचा नाद सोडून पीव्हीसीचं वेष्टन लावायचं. त्याचं आणि तांब्याचं वैर नाही. एवढ्याने बिलात जी भर पडली असती, ती मी हसत दिली असती. आता खांब पुन्हा सोलायला माणूस लावलाय, त्याला देतोय. हसत नाही.

राहता राहिले वाचक. खांबांना पत्रा चढवायला कोणी आलं, तर रंग कोणता ते नंतर ठरवा. आधी विचारा, लाकूड आणि पत्रा यांच्या मधे काय घालणार, आणि पाणी कुठून निघणार. ‘काळजी करू नका’ असं उत्तर आलं, तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

आपला,
एक गिऱ्हाईक