टाचणातला विद्यार्थी

टाचणातला विद्यार्थी फार गुणी असतो. त्याला नाव नसतं, हजेरी क्रमांक नसतो, पण तो रोज हजर असतो. शिक्षकाने प्रश्न विचारला की उत्तर देतो, तेही अपेक्षित. चित्र दाखवलं की लक्षपूर्वक निरीक्षण करतो, गटात बसवलं की चर्चा करतो, आणि घटक संपला की त्याला तो घटक आलेला असतो. त्याला मध्येच तहान लागत नाही. त्याचा खोडरबर शेजारच्याने लपवलेला नसतो. माझ्या वर्गात हा मुलगा आजवर एकदाही आलेला नाही. पण इंटरनेटवर तो ढिगाने सापडतो, तेही इयत्तानिहाय आणि विषयवार.

शिक्षकी पेशाबाहेरच्यांसाठी सांगते. उद्या वर्गात काय शिकवायचं, कसं शिकवायचं, कोणतं साहित्य वापरायचं आणि शेवटी मुलांना काय यायला हवं, हे आधी लिहून ठेवायचं ते टाचण. कल्पना उत्तम आहे. घोटाळा एवढाच की त्या वहीवर मुख्याध्यापकांची सही लागते आणि आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख शाळाभेटीला आले की खुर्चीवर टेकण्याआधी तीच वही मागतात. जे सहीसाठी लिहायचं ते सहीसारखंच होत जातं. रोज तेच, थोडं घाईत.

नकलेला इंटरनेटने सुरुवात केली असं मात्र कुणी म्हणू नये. आम्ही डी.एड. करत होतो तेव्हा वरच्या वर्षाच्या मुलींच्या फायली हातोहात खाली यायच्या, त्यांच्याकडे त्या त्यांच्याही वरच्यांकडून आलेल्या असायच्या. त्या फायलींच्या मुळाशी होते योहान हर्बार्ट नावाचे जर्मन तत्त्वज्ञ. ते 1841 मध्ये वारले, पण त्यांच्या शिष्यांनी त्यांच्या नावावर बसवलेली पंचपदी अध्यापक विद्यालयात ठणठणीत होती. आधी प्रस्तावनेचे प्रश्न विचारायचे, सोप्याकडून अवघडाकडे जायचं, आणि शेवटचा प्रश्न असा टाकायचा की मुलांना उत्तर येऊ नये. मग आपण हसून म्हणायचं, ‘तर मुलांनो, आज आपण याचाच अभ्यास करणार आहोत.’ आमच्या सराव पाठाच्या शाळेतली मुलं हे इतक्यांदा ऐकून बसली होती, की शेवटच्या प्रश्नाला ती आपणहून गप्प बसत. एका नव्या पोराने भाबडेपणाने उत्तर देऊन टाकलं, तर शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं. मला वाटतं, टाचणातला विद्यार्थी प्रत्यक्षात कुठे असलाच तर तो हा ढोसणारा.

आणि मागे जायचं तर शिक्षकांना तयार मजकूर पुरवण्याची सोय एकोणिसाव्या शतकातही होती. ‘शालापत्रक’ हे मासिक त्याचसाठी निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यामागून विष्णुशास्त्री यांनी ते संपादित केलं. पुढे सरकारची नाराजी ओढवून ते बंद पडलं. आमच्या टाचणांवर मात्र कोणतंही सरकार नाराज होण्याची भीती नाही. नाराज व्हायला आधी वाचावं लागतं.

आता तर एक शब्द टाकायचा अवकाश. ‘इयत्ता चौथी परिसर अभ्यास टाचण’ एवढं लिहिलं की पडदाभर फायली. पहिली उघडावी तर त्यात कंसाची, टक्क्याची आणि डॉलरची चिन्हं. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली फाईल. तो फॉन्ट आपल्या संगणकात नाही, म्हणून अख्खा पाठ शिव्या दिल्यासारखा दिसतो. दुसरी मराठीत उघडते, पण पानावर तिरक्या करड्या अक्षरांत तयार करणाऱ्या गुरुजींचं नाव आणि मोबाईल क्रमांक. पानोपानी. अशीच एक कृतिपत्रिका छापून दिली, तर मुलींनी रंगवलेल्या मोराच्या पिसाऱ्यातून तो नंबर आरपार दिसत होता. तिसऱ्या फाईलमध्ये ‘परिसर भेट’ या रकान्यात समुद्रकिनारा होता. आमच्या तालुक्यात मे महिन्यात टँकर येतो, तेवढंच पाणी. पण ती वही केंद्रात फिरली आणि समुद्रासकट मंजूर झाली.

कृतिपत्रिकांचा देश तर आणखी वेगळा. तिथे बर्फाचा माणूस बेरीज शिकवतो आणि पिझ्झा अपूर्णांक. पिझ्झाला माझा विरोध नाही. पावशेर दुधापासून दीड किलो कांद्यापर्यंत व्यवहार करणाऱ्या मुलांना अपूर्णांक शिकवायला तो परदेशातून बोलवावा लागतो याची गंमत वाटते, एवढंच. ज्यांच्या आजोबांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, झोपेतून उठवलं तरी म्हणता यायची, त्यांची नातवंडं आता गोल आठ तुकड्यांत कापून रंगवतात. ऋतूंची एक सुंदर रंगीत कृतिपत्रिका मी दुसरीला दिली होती. चार चौकोन, चार झाडं: एकाला फुलं, एक हिरवंगार, एकाची पानं लाल होऊन गळलेली, एकावर बर्फ. एक मुलगी बराच वेळ कागद उलटासुलटा करून बघत होती. ‘बाई, ह्यात पावसाळा छापायचा राहिलाय.’ मागच्या बाजूला मग तिनेच तो काढला, छत्रीसह.

‘टाकाऊपासून टिकाऊ’ या सदराबद्दल थोडक्यातच सांगते. त्या चित्रफितींमध्ये टाकाऊ असते ती फक्त एक रिकामी बाटली. बाकी गोंदाची बंदूक, चमकी, रंगीत फोम आणि मण्यांच्या माळा दुकानातून आणायच्या.

तरीही मी शोधते, कारण अधूनमधून खरंच काही हाती लागतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आज बालभारतीच्या पुस्तकात पाठाशेजारी तो काळापांढरा चौकोन असतो आणि 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-संकेतस्थळावर त्याचं दार उघडतं. आमच्याकडे दार उघडायला रेंज लागते आणि रेंज पाण्याच्या टाकीजवळ मिळते. म्हणून ध्वनिफिती मी घरी उतरवून आणते. कविता चालीत लागली की मुलं गप्प होतात, आणि मला गाता येत नाही हे गुपित आणखी एक वर्ष टिकतं.

दुसरं घबाड म्हणजे अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनियर झालेला हा माणूस काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमिती उभी करायला लागला, पुढे पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात रमला. त्यांच्या संकेतस्थळावर हजारो पुस्तकं आणि खेळणी फुकट मांडून ठेवली आहेत, मराठीतही. करड्या अक्षरांतला नंबर कुठेही नाही. तिथूनच मी सहावीच्या ‘ध्वनी’ या पाठासाठी स्ट्रॉची पिपाणी उचलली. स्ट्रॉचं एक टोक दाबून चपटं करायचं, दोन्ही बाजूंनी तिरकं कापून टोकदार करायचं आणि ओठांत धरून फुंकायचं. वाजत असतानाच दुसरं टोक कात्रीने थोडं थोडं कापत गेलं की आतला हवेचा स्तंभ आखूड होतो आणि आवाज चढत जातो. फळ्यावर तासभर लिहून जे समजत नाही ते कात्रीच्या चार घावांत कानाला पटतं.

पण प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर 1 जुलै 2022 पासून बंदी. कागदी आणल्या, त्या थुंकीने दोन मिनिटांत मऊ पडून मान टाकू लागल्या. मी टाचणातल्या ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्याकडे बघत उभी, तोवर मागच्या बाकावरचा एक जण न विचारता बाहेर पळाला. शाळेच्या कुंपणालगतच्या पपईचा एक देठ तोडून, पानं खुडून, त्याने तो वाजवला. म्हशीने हंबरावं तसा आवाज. मग लांब देठाचा जाड आवाज, आखूड देठाचा बारीक, हे पोरांनीच लावून बघितलं, आणि दहा मिनिटांत पपईला चार पानं उरली. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं, तक्रार आहे. ते म्हणाले, ‘देठ बोटभर राहू द्या, म्हणजे शिट्टी होते.’ त्या दिवशीच्या टाचणात मात्र छापील ओळ तशीच आहे: विद्यार्थी शांतपणे निरीक्षण करतील व निष्कर्ष नोंदवतील.

सत्राच्या शेवटी वर्णनात्मक नोंदी असतात आणि त्यांचेही संच मिळतात, विषयवार, शेकड्याने. ‘गटात मिळूनमिसळून काम करतो.’ ‘स्वतःचे अनुभव प्रभावीपणे मांडतो.’ ‘वर्गात नेहमी प्रसन्न राहतो.’ यांतल्या तीन वेचायच्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे उतरवायच्या. न विचारता बाहेर पळणाऱ्यासाठी त्यात नोंद नाही. ‘परिसरातील साहित्याचा कल्पकतेने वापर करतो’ ही त्यातल्या त्यात जवळची. ती मी त्याला दिली. त्याच्या आईने पालकसभेत विचारलं, ‘म्हणजे ह्यानं काय मोडलं?’

आता नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे. 2025-26 मध्ये पहिलीचं पुस्तक बदललं आणि वर्षानुवर्षं हातोहात आलेली पहिलीची सगळी टाचणं एका फटक्यात शिळी झाली. त्या जूनमध्ये आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सअॅप गटावर विलक्षण शांतता होती. जो तो दुसऱ्याने लिहायची वाट बघत होता. ‘पहिली नवीन टाचण कुणाकडे आहे का?’ या प्रश्नाखाली हात जोडल्याची चित्रं साठत गेली. आठवड्यानंतर रात्री साडेअकराला एका गुरुजींनी फाईल टाकली, पहिला घटक पूर्ण. कुठे तरी कुणी तरी नवं पुस्तक समोर ठेवून, मुलांसकट विचार करून, पहिल्यांदा लिहितंच; ते कधी केंद्रप्रमुखांच्या लक्षात येत नाही. मी ती फाईल उघडली. ‘विद्यार्थीकृती’च्या रकान्यात एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘काही मुले रडतील, त्यांना खिडकीजवळ बसवावे.’ पीडीएफ होती, पानावर तिरकं नाव होतं आणि मोबाईल क्रमांकही. खाली पहिला प्रतिसाद आला, ‘खूप छान सर! वर्डमध्ये पाठवा ना, म्हणजे नाव बदलता येईल.’