वाकलेला संगमरवर

उत्तर ध्रुवाच्या शेजारात राहायचं आणि कपडे मात्र इटलीचे घालायचे, ही हौस थोर कलावंतांनाच शोभते. आल्वार आल्तो हा फिनलंडचा सर्वांत नावाजलेला वास्तुकार. मैफली आणि परिषदांसाठी हेलसिंकीत खाडीकाठी त्यानं फिनलंडिया सभागृह उभारलं. देशात ग्रॅनाइटला तोटा नव्हता, पण त्याला हवा होता इटलीतल्या काराराचा पांढराशुभ्र संगमरवर. १९७१ साली सभागृह खुलं झालं. मग हिवाळ्यामागून हिवाळे गेले आणि भिंतींवरच्या पातळ लाद्या उन्हातल्या पापडासारख्या वाकल्या. नव्वदच्या दशकात त्या बदलायच्या ठरल्या. पुष्कळ खल होऊन निवड झाली ती पुन्हा काराराचीच! दगडानंही स्वभाव सोडला नाही, तो पुन्हा वाकला. २०२५ साली डागडुजीनंतर दारं उघडली तेव्हा भिंतींवर होता लासाचा संगमरवर. हाही इटलीचाच, फक्त आल्प्सच्या थंडीत वाढलेला.

हे झालं बाहेरचं. आत प्रेक्षागाराच्या माथ्यावर आल्तोनं एक उंच पोकळी राखली होती. सूर वर चढावेत आणि चर्चच्या मनोऱ्यातल्यासारखे घुमून खाली यावेत, हा बेत. सूर वर गेले खरे, पण बहुधा तिथंच रमले. कानसेन वर्षानुवर्षं कुरकुरले. अखेर २०११ साली जवळच नवं संगीतगृह झालं आणि शहराचा वाद्यवृंद तिकडे बिऱ्हाड हलवून मोकळा झाला.

तरी या वास्तूला नापास करायला मन धजत नाही. कारण १ ऑगस्ट १९७५. त्या दिवशी अमेरिकेचे फोर्ड आणि सोव्हिएत संघाचे ब्रेझनेव्ह यांच्यासह ३५ देशांच्या नेत्यांनी इथं एका करारावर सह्या केल्या. मॉस्कोला हव्या होत्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सीमा पक्क्या करून. त्या पदरात पाडून घेताना मानवी हक्कांचं कलमही गळ्यात पडलं. कागदावरच राहील, असं पुष्कळांना वाटलं असेल. पण पुढच्याच वर्षी मॉस्कोत आणि पाठोपाठ प्रागमध्ये काही हट्टी माणसं तोच कागद सरकारपुढे धरून विचारू लागली, ‘सही तुमचीच ना?’ त्यांतल्या कित्येकांनी तुरुंग पाहिला, पण प्रश्न थांबला नाही. १९८९ साली बर्लिनची भिंत कोसळली, त्यात या प्रश्नाचाही वाटा होता.

सभागृहातला घुमारा सेकंदांत मोजायची रीत आहे. फिनलंडियाच्या परीक्षकांनी घड्याळ जरा लवकरच बंद केलं. तिथला घुमारा चौदा वर्षांचा निघाला.