लीकाका

आमच्या पुनावळ्यातल्या सोसायटीत एक काका राहतात. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी क्वालिटीत गेली. हातात कायम गो-नो-गो गेज. 'गो'ची बाजू भोकात शिरली आणि 'नो-गो'ची अडली की माल पास, नाहीतर रिजेक्ट. निवृत्तीनंतर गेज सुटला, खोड राहिली. आता रोज संध्याकाळी ते क्लबहाऊसमध्ये मुलांना फुकट इंग्रजी व्याकरण शिकवतात आणि तिथला त्यांचा गेज म्हणजे 'ली'. शब्दाच्या शेवटी एल-वाय दिसलं की क्रियाविशेषण. पास. पुढचा!

क्विकली, हॅपिली, सॅडली... लॉटच्या लॉट पास होत होते. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, मग फॅमिली?" काका गप्प. "इटली? आणि जुलैच्या स्पेलिंगलाही आहे की!" मागून एक चिमुरडा ओरडला, "चकली!"

हार मानतील तर ते काका कसले! दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुधारित प्रोसिजर लागली : 'ली' काढा, उरेल ते तपासा. क्विक उरलं, ते विशेषण, म्हणून क्विकली क्रियाविशेषण. फ्रेंड उरला, तो नाम, म्हणून फ्रेंडली नुसतं विशेषण. फॅमिलीतून 'फॅमि' उरतं, ते भंगारात टाका. खरं सांगायचं तर नियम वाईट नाही, पुष्कळ माल त्यात बसतो. 'डेली'सारखे काही तेवढे दोन्ही खात्यांत पगार घेतात.

खरी भानगड केली बिनशेपटीच्या शब्दांनी. फास्ट, हार्ड, सून, वेल यांना काका गेटच्या आत घेईनात. एका मुलानं निबंधात 'माय फादर वर्क्स हार्ड' असं लिहिलं. काकांनी लाल पेननं 'हार्डली' केलं. म्हणजे बाबा जेमतेमच काम करतात! हिंजवडीहून निघून अंडरपासच्या ट्रॅफिकमधून रात्री नऊला सुटलेले बाबा वही बघून हादरले. आई शांतपणे म्हणाली, "वाक्य बरोबर आहे."

रस्त्याच्या कामावर 'गो स्लो' अशी पाटी होती. काकांनी तिलाही खडूनं 'ली' जोडलं. पाटी बिचारी निर्दोष होती. जुन्या इंग्रजीत विशेषणाला नुसता 'ई' जोडूनही क्रियाविशेषण होत असे. पुढे तो 'ई' गळून गेला आणि फास्ट, हार्ड असे शब्द विशेषणांसारखेच दिसू लागले. 'स्लो'ही त्यांच्याच रांगेतलं. शेपूट गेलं, काम राहिलं.

तेव्हा पालकहो, एल-वाय जरूर बघा. पण आधी क्रिया कशी, केव्हा, कुठे, किती झाली ते विचारा. जो शब्द उत्तर देईल, तो बहुतेक वेळा क्रियाविशेषण. फक्त हे काकांना लिफ्टमध्ये सांगायला जाऊ नका. ते ऐकून घेतील, तेही पेशंटली. मग बोलायला लागतील आणि तुमचा मजला निघून जाईल.