आलेखातला ट्रक

2017 मध्ये जीएसटी आला आणि राज्याराज्यांत विखुरलेला माल कंपन्यांनी भिवंडीच्या मोठ्या गोदामांत एकवटला. जोडीला ‘बिझनेस इंटेलिजन्स’ही आहेच. कुठल्या पिनकोडला कुठला साबण किती खपतो, हे आता बंगळुरूच्या काचेच्या केबिनमध्ये रंगीत आलेखात दिसतं. भिवंडीजवळच्या कोन गावात, दुर्गाडी पुलाच्या तोंडाशी कोंडीत रुतलेला ट्रक मात्र त्यात ‘मार्गस्थ’च असतो. ड्रायव्हर इंजिन बंद करून चहा पितोय, हे कळायला एक फोन पुरे. पण तो करणार कोण? सगळे मीटिंगमध्ये! शिवाय साहेबांचा निर्णय आधीच झालेला असतो. त्याला शोभेलसा आलेख मागाहून शोधतात. नाहीच सापडला, तर तारखांचा फिल्टर बदलतात. दिवाळीचा महिना धरला की रेघ वर जातेच.