मलई की बदाम?

भिंती पांढऱ्या नकोत आणि पिवळ्याही नकोत, एवढ्यावर ठाण्यातल्या त्या जोडप्याचं झटकन एकमत झालं. मग शेडकार्ड उघडलं. तिचं बोट मलईकडे झुकणाऱ्या चौकोनावर, त्याचं शेजारच्या बदामीवर. रंगारीकाकांनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं आणि विचारलं, "यात वेगळं काय आहे?" त्यांना चहा देऊन गप्प करण्यात आलं.

तसा फरक होता. दुकानातल्या मशीनला तो बरोबर कळतो. दोन्ही छटांचा बेस पांढराच, त्यात पिवळं, तांबडं, काळं रंगद्रव्य किती पडतं यावर सगळी मदार. पण एकदा रंग मिसळला की दुकानदार डबा परत घेत नाही, त्यामुळे त्या चार थेंबांवर संसार पणाला लागतो.

काकांनी लांबी भरून, प्रायमर मारून भिंतीवर दोन पट्टे ओढून दिले. इमल्शन वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं, म्हणून निकाल दुसऱ्या दिवसावर गेला. सकाळच्या उन्हात मलई सरस ठरली. संध्याकाळी २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लागला आणि तिचं हळदीचं दूध झालं! तो खूश. मग तिनं शांतपणे ६५०० केल्विनची पांढरी एलईडी लावली, तर बदामी चक्क राखी दिसू लागली. हिरव्या पडद्याशेजारी तर दोन्ही पट्टे आजारी वाटत होते.

या घोळात मोठमोठे अडकलेत. २००२च्या जानेवारीत कार्ल ग्लेझब्रुक आणि इव्हान बाल्ड्री या खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांहून अधिक दीर्घिकांच्या प्रकाशाची सरासरी काढून विश्वाचा रंग फिकट हिरवट-निळा असल्याचं जाहीर केलं. मार्चमध्ये दुरुस्ती आली: पांढरा कशाला म्हणायचं, याच्याच हिशेबात गफलत झाली होती. विश्व प्रत्यक्षात फिकट दुधाळ निघालं. त्या छटेला 'कॉस्मिक लाटे' असं कॉफीवरून नावही मिळालं. शेडकार्डवाल्यांना ते आधी सुचलं नाही, हेच नवल.

"बघ, शास्त्रज्ञांचीसुद्धा गडबड होते," त्यानं तिला ऐकवलं.

"पण शेवटी मलईवरच आले ना?" ती म्हणाली.

काकांनी रोलर उचलला. "ताई, तुमचं ठरेतो छताला पहिला हात मारून घेतो. छत पांढरंच ना? की त्याचंही कार्ड आणू?"