कॉमा सर

नगर रस्त्याच्या कडेला कंपन्या आल्या, त्यांच्यामागून मेस आल्या, कॉट बेसिसच्या खोल्या आल्या आणि सगळ्यांत शेवटी सर आले. सणसवाडीत हार्डवेअरच्या दुकानावर त्यांची पाटी आहे : ‘फाडफाड इंग्रजी’. बॅचा शिफ्टप्रमाणे. नाइटवाल्यांची सकाळी नऊला. त्यातले निम्मे झोपेतच ‘येस सर’ म्हणतात आणि सरांच्या मते तेवढाच त्यांचा उच्चार शुद्ध असतो.

पोरं बीड, लातूर, परभणीकडची. राज्यात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं, त्यानंतर शाळेत गेलेली. म्हणजे दहा-दहा वर्षं इंग्रजी शिकून आलेली. स्पेलिंगं पाठ, पण वाक्य काही दाताबाहेर पडत नाही.

सरांचं व्याकरण मात्र शॉप फ्लोअरवरच तयार झालेलं. आर्टिकल ते असं शिकवतात : ‘‘कंत्राटी हेल्पर म्हणजे ‘अ हेल्पर’. कुणीही, कुठलाही, उद्या दुसरा. कायम झाला की ‘द ऑपरेटर’.’’ एवढ्यावर वर्ग गप्प होतो. रेन अँड मार्टिनच्या जाडजूड पुस्तकालाही हे इतकं नेमकं सांगता आलेलं नाही.

पण सरांचा खरा जीव स्वल्पविरामात. फळ्यावर ते ब्रेकडाउन रजिस्टरातली नोंद लिहितात : ‘ऑपरेटर रिप्लेस्ड बेअरिंग’. मग ‘रिप्लेस्ड’पुढे हळूच कॉमा देतात. ‘‘बघा. बेअरिंग आहे तिथंच राहिलं, ऑपरेटर बदलला!’’ कंत्राटी पोरं लगेच वहीत उतरवून घेतात. मग मेजर कँडीची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात पुण्यात राहून या इंग्रजाने मराठीत विरामचिन्हं रुजवली, हे सांगताना सरांचा ऊर भरून येतो. ‘‘आपला कॉमासुद्धा बाहेरूनच आला, पण कायम झाला.’’

आता, सर स्वतः इंग्रजी बोलतात का? कंपनीतून एचआर मॅडमचा फोन आला की त्यांची रेंज जाते. तेवढं सोडलं तर अस्खलित.

रांजणगावला एलजी आल्यापासून कोरियन साहेब या रस्त्याला नवे नाहीत. परवा एक पोरगा क्लासला उड्या मारतच आला. ‘‘सर, कोरियन सायबाशी बोललो! त्यो म्हणला, ‘यू मशीन ओके?’ मी म्हणलो, ‘मी मशीन ओके.’ त्यो हसला, चहा पाजला.’’

सरांनी चष्मा काढून पुसला. दोन्ही वाक्यांत क्रियापद नाही, आर्टिकल नाही, आणि मशीन चालू! (कोरियन भाषेतही आर्टिकल नसतात, पण हे त्यांना सांगणार कोण?) बराच वेळ ते फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘त्या साहेबाला सोमवारी घेऊन ये. पहिला आठवडा फी नाही म्हणावं.’’